मुली ब्वांजी?

लुसाकातल्या त्या घराच्या फाटकात मी बॅगा घेऊन उभी होते. आतून साठीच्या घरातल्या एक बाई लगबगीने आल्या. गुडघे किंचित वाकवून त्यांनी दोन्ही तळहातांनी हलकीशी टाळी वाजवली आणि हसत म्हणाल्या, "मुली ब्वांजी?"

मुंबईहून आदिस अबाबामार्गे आलेली मी, डोळ्यांवर झोप. मला वाटले, बाई मुलींची चौकशी करताहेत! मी आपली इंग्रजीतून सांगून मोकळी झाले, "एकच आहे, दहा वर्षांची."

बाई आधी गोंधळल्या आणि मग पोट धरधरून हसल्या. 'मुली ब्वांजी' म्हणजे तिकडच्या न्यांजा भाषेत 'कशा आहात?' आणि त्याचे उत्तर 'न्दिली ब्विनो', म्हणजे 'मी बरी आहे.' पण त्या घोटाळ्याने एक काम झाले. मला लेक आहे हे पहिल्याच मिनिटाला कळल्यामुळे त्या मला लेकीच्या नावाने, 'अमुकची आई' अशी हाक मारू लागल्या. तिकडे ही रीतच आहे. आपल्याकडे नाही का वाड्यात 'बंड्याची आई, जरा इकडे या हो' अशी हाक येत असे, अगदी तसे. मी त्यांना 'बामायो' म्हणू लागले. बामायो म्हणजे आई. त्यातला 'बा' आदराचा, आपल्या 'अहो'सारखा.

आता तुम्ही विचाराल, कराडसारख्या गावात घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवणारी, बी. ए. झालेली ही बाई आफ्रिकेत कशाला गेली? तर आमच्या ओळखीच्या एका सेवाभावी मंडळाला लुसाकातल्या एका वस्तीशाळेसाठी गणित शिकवणारी बाई हवी होती. जानेवारी ते एप्रिल २०२४. पगार नाही, राहण्याजेवण्याची सोय तेवढी. ह्यांना मी सहज सांगितले, तर म्हणाले, "जाऊन ये. चार महिने पोळ्या मी लाटीन. नकाशे झाले तरी पोटात गेल्यावर सगळं सारखंच." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी मेतकुटाची बरणी भरून त्यांनी माझ्या बॅगेशेजारी ठेवली, तेव्हा मी काय ते समजले.

निघताना मी एक वही केली होती. चौदा आठवड्यांचे वेळापत्रक, रेघा मारून. पहिला आठवडा स्थानिक किंमत, दुसरा हातच्याची वजाबाकी, तिसरा पाढे... मास्तरीणबाईंची सवय! त्या वहीचे पुढे काय झाले, तीच खरी ह्या प्रवासाची गोष्ट.

शाळाच उघडेना

झांबियातल्या शाळा ८ जानेवारीला उघडायच्या होत्या. मी पोचले आणि एकदोन दिवसांतच बातमी आली की, शाळा २९ तारखेपर्यंत बंद. कारण पटकी! म्हणजेच कॉलरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली साथ नेमकी जानेवारीच्या पावसात लुसाकात भडकली होती. साठ हजार माणसे बसतील एवढे तिथले मोठे फुटबॉलचे मैदान. त्यात खाटा टाकून रुग्णालय केले होते. पुढे २९ जानेवारीची तारीखही गेली आणि शाळा उघडल्या त्या १२ फेब्रुवारीला. साथ ओसरेपर्यंत देशात २३ हजारांवर लोक आजारी पडले आणि सातशेहून जास्त दगावले.

मी अगदी हिरमुसले. हजारो मैल येऊन नुसते बसून राहायचे? घरी व्हिडिओ कॉल लावला. आपले घड्याळ त्यांच्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे आमचा रात्रीचा आठचा फोन म्हणजे घरी साडेअकरा. लेक झोपलेली. हे म्हणाले, "तिकीट बदलून घे. शाळाच नाही तर तू तिथे थांबून काय करणार?" चूक काहीच नव्हते त्यात. मलाही रडू आले होते. तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला, "दे इकडे."

सासूबाई बाहात्तर वर्षांच्या. त्यांनी लहानपणी पटकीचा धाक पाहिलेला. पंढरीच्या वारीला जायचे तर आधी पटकीची सुई टोचून घ्यावी लागे, हे त्या नेहमी सांगतात. मला म्हणाल्या, "पाणी उकळल्याबिगर तोंडाला लावू नकोस. हात धू. आणि ज्या बाईच्या घरी उतरलीयस, ती घर सोडून पळाली का? नाही ना? मग तिला विचार काय करायचं ते. इथलं मी बघते."

"कशावर उकळू?"

बामायो पळाल्या तर नव्हत्याच, उलट रोज सकाळी चितेंगे गुंडाळून बाहेर पडत होत्या. चितेंगे म्हणजे दोन मीटरचे छापील सुती कापड. कमरेला गुंडाळा, पाठीवर मूल बांधा, ओझ्याची चुंबळ करा, कामे अनेक. वस्तीतल्या आठदहा बायका मिळून घरोघर जात, क्लोरिनच्या बाटल्या देत आणि पाण्यात किती थेंब घालायचे ते दाखवत. मीही बरोबर जाऊ लागले.

लुसाकात अशा दाट वस्तीला 'कंपाउंड' म्हणतात. शहराखालचा खडक चुनखडीच्या जातीचा, भेगाभेगांचा. पावसाचे पाणी चटकन खाली उतरते. विहिरी उथळ आणि संडासाचे खड्डे चार पावलांवर. सखल भागात पाणी तुंबले की कुठले पाणी कुठे मिसळते ह्याचा पत्ता लागत नाही. तिथल्या बायकांना स्वच्छता कळत नाही असे कोणी म्हणाले, तर मी आता भांडेन. अंगणे अशी झाडलेली की खराट्याच्या रेघा मोजून घ्याव्यात.

पहिल्या दिवशी मी उत्साहाने एका बाईला सांगितले, "पाणी वीस मिनिटं उकळा." तिने शांतपणे विचारले, "कशावर उकळू?" तिच्या घरी वीज नव्हती, गॅस नव्हता. कोळशाची शेगडी, तिकडे तिला म्बाउला म्हणतात. एक बादली पाणी उकळायचे म्हणजे संध्याकाळच्या स्वयंपाकाचा कोळसा जाळायचा. माझे तोंडच बंद झाले. बामायोंनी क्लोरिनची बाटली पुढे केली आणि बोलणे सावरून घेतले. घरी आल्यावर मी वहीत लिहिले, 'सल्ला देण्याआधी चूल पाहावी.' पहिल्या आठवड्याचा तेवढाच धडा झाला, आणि तोही माझाच.

ती रात्र

बामायोंचा सहा वर्षांचा नातू त्यांच्याजवळ असे. त्याची आई उत्तरेला तांब्याच्या खाणींच्या भागात नोकरीला. जानेवारीच्या शेवटाला एका रात्री दोनच्या सुमारास त्यांनी माझे दार ठोठावले. पोराला जुलाब सुरू झाले होते. तांदळाच्या धुवणासारखे पाणी. तासाभरात पोराचे डोळे आत गेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहीना.

बायांनो, माझे हातपाय गळाले. आपले मूल असते तर मी काय केले असते, एवढेच डोक्यात. मग एकदम आठवले. आपल्या शाळेत आम्ही मुलांना हेच तर पाठ करून घेतो! एक लिटर शुद्ध पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आरोग्यकेंद्राची पुडी असती तर तीच घातली असती, पण घरातल्या संपल्या होत्या. उकळून गार केलेले पाणी माझ्या खोलीत झाकलेले होतेच. सासूबाईंची कृपा! चमचा सुरीने सपाट करून मी मोजले. पोर ओकले की दहा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा चमच्याचमच्याने. शेजाऱ्याने गाडी काढली. वाटभर बामायो त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी चमचा चालवत होते.

केंद्रात नर्सबाईंनी त्याला ताब्यात घेतले. आत कोणाला सोडत नव्हते. फाटकाशी चुन्याची रेघ, पायाखाली क्लोरिनचे पाणी. आम्ही दोघी बाहेर बाकावर. बामायो देवाचे नाव घेत होत्या, मीही घेत होते. दोघींचे देव वेगळे, पण मागणे एकच. दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "न्शिमा मागतोय." तेव्हा बामायो पहिल्यांदा रडल्या.

मीठसाखरेचे हे पाणी आपल्याला फार घरगुती वाटते. पण त्याचा मोठा वापर करून दाखवला तो आपल्याच देशातल्या एका डॉक्टरांनी. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हाती दिले आणि असंख्य जीव वाचवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताकडून झांबियाला जी मदत गेली, तिच्यातही क्लोरिनच्या गोळ्या आणि ह्याच पुड्या होत्या. बातमी वाचून मला आपले उगीचच माहेरून खाऊ आल्यासारखे वाटले.

दाण्याच्या कुटाची भाजी

नातू बरा झाला आणि मी त्या घरची झाले. स्वयंपाकघरात मला मोकळीक मिळाली. तिकडचे रोजचे जेवण म्हणजे न्शिमा. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड म्हणा. आधी पाण्यात पीठ कालवून पेज शिजवायची, मग वरून थोडे थोडे पीठ घालत लाकडी उलथ्याने घोटत राहायचे. मनगटे भरून येतात. लहान गोळा हातात वळून, अंगठ्याने खळगा करून भाजी उचलायची. जेवणाआधी प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतात, ती रीत मला फार आवडली.

आणि भाजी कोणती, तर भोपळ्याच्या कोवळ्या पानांची! देठांच्या शिरा ओढून काढायच्या, पाने बारीक चिरायची, कांदा-टोमॅटो घालून शिजवायची आणि त्यात कच्च्या शेंगदाण्याचे बारीक कूट घालून मंद आचेवर दाट होऊ द्यायचे. मीठ झाले की संपले. तिखट नाही, फोडणी नाही. कूट मात्र चांगले शिजले पाहिजे, नाहीतर कच्चट लागते. आपल्या दारात भोपळ्याचा वेल असेल तर अवश्य करून पाहा. कामवाला नावाच्या भागात गुजराती दुकाने आहेत, तिथून मी तुरीची डाळ आणून आमटी केली. बामायोंनी ती न्शिमाबरोबर खाल्ली आणि "हिला मिरची जरा कमी चालेल" असा शेरा दिला.

वर्ग भरला, पुन्हा रिकामा झाला

१२ फेब्रुवारीला शाळा उघडली. २०२२ पासून झांबियात सरकारी शाळांची फी माफ झाली आणि वर्ग तुडुंब भरले. आमची शाळा वस्तीने चालवलेली, पण गर्दी तिथेही तीच. माझ्या वर्गात बाहात्तर मुले, तीन-तीन एका बाकावर. बाटल्यांची झाकणे गोळा करून आम्ही दहाचे गठ्ठे बांधले आणि हातचा शिकलो. तीन आठवडे छान गेले. चौथ्या सोमवारी मी चाचणी ठेवली, पेपर हाताने लिहून काढले आणि सकाळी पाहते तर शिक्षकांपैकी दोघीच हजर! एका शिक्षिकेच्या वडिलांचे निधन झाले होते आणि बाकीच्या सगळ्या तिकडे गेल्या होत्या. मुलांना दहा वाजता घरी सोडले.

मला राग आला. लपवत नाही. महिनाभर शाळा बंद होती, आता कुठे मुले रुळली होती, आणि अख्खी शाळा एका मयताला? संध्याकाळी मी बामायोंपाशी कुरकुर केली. त्यांनी वाद घातला नाही. कपाटातून एक चितेंगे काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "चल."

त्या घरातले बाहेरच्या खोलीतले सामान काढून टाकले होते. बायका जमिनीवर पाय पसरून, एकमेकींना टेकून बसल्या होत्या. मधोमध ती शिक्षिका. पुरुष बाहेर अंगणात शेकोटीभोवती. मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यांत न्शिमा शिजत होता. पीठ कोणी आणले, कोळसा कोणी, भाजी कोणी. बायका रात्री तिथेच जमिनीवर झोपतात, एकटीला सोडत नाहीत. मी पण बसले. कोणी काही विचारले नाही, सरकून जागा दिली.

बसल्या बसल्या मला आमची आळी आठवली. माझे सासरे गेले तेव्हा घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या काकूंनी पिठलेभात आणला होता आणि माझ्या लेकीला भरवून, न बोलता भांडी घासून गेल्या होत्या. त्या दिवशी त्यांच्या घरची कामे राहिली असतीलच ना? मी कधी विचारलेच नव्हते. शिवाय जानेवारीत साथीने गेलेल्यांच्या घरी असे बसताही आले नव्हते. माणसे थेट दफनभूमीत गेली, नातलगांना तोंडही पाहता आले नाही. ते राहून गेलेले बसणेही त्या बायका आता बसत होत्या, असे बामायो येताना म्हणाल्या.

चाचणी पुढच्या सोमवारी घेतली. काही बिघडले नाही.

मका आणि वीज

एवढ्यात आभाळाने दगा दिला होता. जानेवारीच्या शेवटापासून पावसाने जी दडी मारली ती मारलीच. बामायोंच्या परसात मका लावलेला. तिकडे दारचा मका म्हणजे आपली तुळसच, घरोघर. कणसे धरायच्या वेळीच पाने पिवळी पडून गुंडाळली. रोज सकाळी त्या एकेक पान हातात घेऊन पाहत आणि घरात येत. २९ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्षांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली.

मागोमाग मार्चमध्ये रोज आठ तास वीज बंद सुरू झाली. झांबियाची ऐंशी टक्क्यांहून जास्त वीज पाण्यापासून होते आणि झांबेझी नदीवरच्या करिबा धरणाचे पाणी तळाला गेलेले. आम्ही कोयनेकाठची माणसे. धरणाचे पाणी आणि घरचा दिवा ह्यांचे नाते आम्हांला सांगावे लागत नाही. करिबा १९५९ साली पुरे झाले, कोयना त्यानंतर थोड्याच वर्षांनी. १९६३ मध्ये करिबापाशी मोठा भूकंप झाला, १९६७ मध्ये कोयनेला. शास्त्रज्ञ धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करताना ही दोन नावे जोडीने घेतात. करिबासाठी पन्नास हजारांवर टोंगा लोकांना नदीकाठ सोडावा लागला. आमच्याकडच्या विस्थापितांची पोरे माझ्या वर्गात आहेत. बामायोंना हे सगळे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझी आणि माझी नदी बहिणी आहेत."

भारनियमनात वाढलेल्या मला अंधाराचे भय नव्हते. पण तिकडे वीज गेली की पंपही बंद, म्हणजे नळही बंद. रात्री दोनला वीज आली की आम्ही दोघी उठत असू. बामायो पिंपे भरत, मी डाळ शिजवून घेई आणि फोन चार्जिंगला लावी. दिवसा म्बाउला. शेगडी पेटवायची ती अंगणात, बंद खोलीत नाही. कोळशाच्या धुराने झोपेतच माणसे जातात. वस्तीत कोळशाची पोती येत आणि बामायो म्हणत, "एकेका पोत्यात एकेक झाड आहे. झाड तोडलं की पाऊस आणखी रुसतो. पण मग शिजवायचं कशावर?" ह्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. 'कशावर उकळू' तसाच हाही प्रश्न.

वहीचा हिशेब

एप्रिलच्या अखेरीस परत निघताना मी वही काढली. चौदा आठवड्यांपैकी शिकवणे झाले ते जेमतेम नऊ. पाढे बारापर्यंतच. पण समासात इतके काही लिहिलेले होते, की मूळ वेळापत्रक दिसेना.

परतल्यावर मैत्रिणी विचारतात, "सिंह पाहिलेस का? तो मोठा धबधबा?" नाही ग, काहीच नाही. लुसाका मोठे शहर, तिथे सिंह कुठले? आणि धबधब्यासाठी ठेवलेले पैसे विजेरी, पाण्याचे पिंप आणि एक पोते पीठ ह्यांत गेले. मला काही चुकल्यासारखे वाटत नाही.

घरी मात्र एक फरक पडला. पूर्वी कामवाल्या मावशी न सांगता राहिल्या, पाणी आले नाही, ऐन परीक्षेत पाहुणे आले की माझा पारा चढे आणि घरादाराला त्याची झळ लागे. आता चढत नाही असे नाही, पण लवकर उतरतो. दिवस आपण ठरवल्यासारखा जाईल हे कोणी कबूल केलेच नव्हते आपल्याशी. ह्यांच्या पोळ्या मात्र खरोखरच सुधारल्या आहेत, आणि रविवारी त्या तेच करतात. ही वहिवाट मी मोडू दिलेली नाही.

२०२५ मध्ये झांबियात पाऊस चांगला झाला आणि मक्याचे विक्रमी पीक आले. बामायोंनी फोनवर परसातला मका दाखवला. नातू त्यात उभा होता आणि दिसत नव्हता, नुसते हसणे ऐकू येत होते. माझी लेक फोनपाशी धावली. तिला पाहताच त्यांनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "मुली ब्वांजी?"

"एकच आहे!" मागून सासूबाई म्हणाल्या. आता आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ झाले आहे.